मिगचं नाक आणि पत्र्याचं नरसाळं

शिरूर आणि दौंडच्या आकाशाला विमानांचं अप्रूप राहिलेलं नाही. लोहगावचा हवाई तळ शिरूरहून सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आतच आहे, आणि सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान हवाई दलात पहिल्यांदा दाखल झालं ते २००२ साली, याच तळावर. दौंडच्या दक्षिणेला बारामतीची धावपट्टी. तिथे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं सराव करत असतात. वर पाहणाऱ्या मुलाला ते विमान हातात धरून सगळ्या बाजूंनी न्याहाळावंसं वाटलं, तर त्यात नवल काही नाही. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे परदेशी संच महाग पडतात. कार्डशीट मात्र तालुक्याच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.

वहीचं पान दुमडून वर्गात सोडलेल्या बाणाबद्दल इथे बोलायचं नाही. खऱ्या विमानाची मापं घेऊन, ती ठरावीक प्रमाणात लहान करून, कागद कापून, वळवून आणि चिकटवून उभी केलेली प्रतिकृती हा इथला विषय आहे. युरोपात हा छंद जुना आहे. पोलंडमध्ये ‘माउई मोडेलाश’ हे मासिक १९५७पासून अशा प्रतिकृतींचे छापील तक्ते देत आलं आहे, आणि तिथल्या विमानांसाठी १:३३ हे प्रमाण जवळजवळ रूढच झालं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन-अमेरिकेत लाकूड आणि धातू युद्धाच्या कामी लागले होते. खेळण्यांसाठी उरला तो कागद, आणि कागदी प्रतिकृतींना चांगले दिवस आले.

तयार तक्ता मिळाला तर पुढचं काम कात्री आणि फेव्हिकॉलचं. खरी परीक्षा तो तक्ता आखणाऱ्याची असते. विमान गोलसर आणि कागद सपाट. सपाट कागदावर कोणते आकार काढले म्हणजे ते वळवल्यावर नेमकं त्या विमानाचं अंग तयार होईल, हे त्याला आधी ठरवावं लागतं. आज याचे दोन रस्ते आहेत. एक पट्टी, कोनमापक आणि गणिताचा, दुसरा संगणकाचा. दोन्ही रस्त्यांवर एक अडचण मात्र सारखीच आहे.

कागद वाकतो, पण ताणला जात नाही. कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञानं १८२७ साली सिद्ध केलं की पृष्ठभाग न ताणता, न फाडता कितीही वाकवला तरी त्याची अंगभूत वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची ही वक्रता शून्य असते. म्हणून कागद एका दिशेनं वळवला की दुसऱ्या दिशेनं तो ताठ होतो. त्याची नळी होते, शंकू होतो. गोल मात्र कधीच होत नाही. खात्री करून घ्यायची असेल तर सोललेल्या नारळाला कागद गुंडाळून पाहावा. कितीही हलक्या हातानं गुंडाळला तरी चुण्या पडतातच. विमानाचं नाक, वैमानिकाच्या डोक्यावरची काचेची घुमटी, पंख धडाला मिळतो तिथला उतार हे सगळे दोन्ही दिशांनी वळलेले भाग. कागदात ते हुबेहूब येऊच शकत नाहीत. त्यांचे तुकडे पाडून त्यांच्या जवळ जायचं, एवढंच हातात असतं, आणि तुकडे कुठे पाडायचे हाच आखणीतला सगळा प्रश्न आहे.

हातानं आखणी करणारा सुरुवात करतो ती विमानाच्या तीन दृश्यांपासून: समोरून, बाजूनं आणि वरून. हे काही परकं शास्त्र नाही. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेला बसलेल्या मुलांनी घनभूमितीत हेच केलेलं असतं. तीन दृश्यांवरून विमानाच्या धडाचे आडवे छेद घ्यायचे, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत ठरावीक अंतरावर धड किती जाड आहे ते मोजायचं. दोन शेजारच्या छेदांमधला भाग म्हणजे एक कडं. कड्याचं एक तोंड मोठं, दुसरं जरा लहान. दहावीच्या महत्त्वमापनाच्या प्रकरणात यालाच शंकूछेद म्हटलं आहे.

मिग-२१चं उदाहरण इथे फार सोयीचं. १९६३ साली हवाई दलात आलेलं, नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बांधलं गेलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. त्याची ठेवण अशी की कागदासाठीच बेतली असावी असं वाटतं. धड म्हणजे लांब नळी, पंख म्हणजे पातळ त्रिकोण, आणि हवा आत घेणाऱ्या तोंडातून पुढे आलेला टोकदार शंकू. नाकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या नळीचं एक कडं घेऊ. समजा, प्रतिकृतीत त्याच्या मोठ्या तोंडाचा व्यास ३० मिलिमीटर, लहान तोंडाचा २४ आणि कड्याची लांबी ४० आहे. त्रिज्यांमधला फरक ३ मिलिमीटर, म्हणून पायथागोरसनुसार तिरकस उंची ४०.१ मिलिमीटर. हे कडं उलगडलं की एका मोठ्या वर्तुळपाकळीचा पट्टा मिळतो. त्याच्या बाहेरच्या कंसाची त्रिज्या येते २००.६ मिलिमीटर, आतल्या कंसाची १६०.५ आणि कोन जवळजवळ २७ अंश.

आकडे हाती आले तरी हात अडतोच. शाळेच्या कंपासपेटीतला कंपास वीस सेंटिमीटरपर्यंत उघडत नाही. मग कार्डशीटची एक अरुंद पट्टी कापायची, एका टोकाला टाचणी रोवायची, तिथून २००.६ आणि १६०.५ मिलिमीटरवर बारीक छिद्रं पाडायची आणि छिद्रात पेन्सिलीचं टोक घालून पट्टी फिरवायची. दोन्ही कंस सुरेख उमटतात. पट्टा कापून गोल पेन्सिलीवर हलकेच वळवला आणि कडा जुळवल्या की मिगच्या नाकाचं कडं तयार. पुस्तकात केवळ पृष्ठफळ काढण्यापुरता भेटलेला शंकूछेद इथे बोटांना कळतो.

आठवडी बाजारात पत्र्याची नरसाळी विकणारा कारागीर याच भूमितीवर जगतो. नरसाळ्याचं वरचं पसरट अंग आणि खालची निमुळती नळी हे दोन शंकूछेदच. त्याच्याकडे पिढीजात फर्मा असतो. तो पत्र्यावर ठेवून खूण करतो आणि कापतो. साखर कारखान्यातले हॉपर, हवा वाहून नेणाऱ्या डक्टचे सांधे, चौकोनी तोंडातून गोल तोंडात जाणारे पत्र्याचे जोड हे सगळं असंच आधी सपाट पत्र्यावर उलगडून काढावं लागतं. फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये याला डेव्हलपमेंट काढणं म्हणतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला एन. डी. भट्ट यांच्या ‘इंजिनिअरिंग ड्रॉइंग’मधली ही प्रकरणं गिरवलेल्या माणसाला कागदाचं विमान आखायला नव्यानं काही शिकावं लागत नाही. जिथे आकार नळीसारखा सरळ नसतो, तिथे पृष्ठाचे त्रिकोण पाडतात आणि प्रत्येक बाजूची खरी लांबी दोन दृश्यांवरून काढतात. एक त्रिकोण झाला की त्याला लागून दुसरा, मग तिसरा. एका विमानाच्या धडासाठी असे दीडदोनशे त्रिकोण होऊ शकतात. मधल्या एकात चूक झाली की पुढचे सगळे तिरके जातात.

संगणकानं लोकांना मोहात पाडलं ते याच ठिकाणी, आणि रास्तपणे. ब्लेंडरसारखा त्रिमित आकार घडवणारा प्रोग्राम फुकट मिळतो. विमानाची तीन दृश्यं पडद्यावर मागे लावायची, त्यांच्यावरून जाळी विणत आकार उभा करायचा, कुठे कापायचं त्या रेषा दाखवायच्या. मग कागदी प्रतिकृती उलगडणारी ब्लेंडरची जोड-सुविधा (ॲड-ऑन) हा सगळा आकार काही सेकंदांत सपाट करून देते. चिकटवण्याच्या पट्ट्या काढते, कोणता भाग कुणाला जोडायचा त्याचे क्रमांकही घालते. जपानच्या टामा सॉफ्टवेअरचा ‘पेपाकुरा डिझायनर’ खास याच कामासाठी बनलेला आहे. प्रमाण १:५०वरून १:३३ करायचं तर एक आकडा बदलायचा. नाक दोन मिलिमीटरनं लांबवलं तर सगळे भाग आपोआप नवे होतात. हातानं काम करणाऱ्याला त्यासाठी अख्खा तक्ता पुन्हा आखावा लागला असता. रंगकामाचंही तेच: स्क्वॉड्रनची चिन्हं, पंखांवरची चक्रं, धडावरचे क्रमांक एकदा लावले की कड्यांच्या सांध्यावरही न तुटता बसतात.

सुखोईसारखं विमान तर संगणकाशिवाय आखायच्या भानगडीत पडूच नये. त्याच्यात धड कुठे संपतं आणि पंख कुठे सुरू होतो हे डोळ्यांनाही नीट सांगता येत नाही. एक अंग दुसऱ्यात वितळत जातं. जवळजवळ २२ मीटर लांब आणि १४.७ मीटर रुंद अशा या विमानाची १:१०० प्रतिकृती २२ सेंटिमीटरची होते आणि एका ए-४ कागदावर आडवी मावते. तिच्या अंगाचे वळणदार उतार त्रिकोणी पद्धतीनं हातानं उलगडायचे म्हणजे चिकाटी संपेल, काम संपणार नाही.

पण संगणक जे उलगडतो, त्याचं चांगलं विमान होतंच असं नाही. माणसानं कापायच्या रेषा विचार करून दिल्या नाहीत, तर मिगच्या सरळ नाकाचेही तो असे तुकडे पाडतो की कात्री धरणारा रडकुंडीला येतो: काट्यासारखे टोकदार भाग, करंगळीच्या नखाएवढ्या पट्ट्या, आणि सांधा नेमका काचेच्या घुमटीसमोर. तुकडे कमी करू पाहावं तर ते एकमेकांवर चढतात. घनाकृतीचा उलगडा कागदावर मांडून दाखवण्याची रीत आल्ब्रेख्त ड्यूररनं १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या ग्रंथात आहे. त्या गोष्टीला पाचशे वर्षं झाली. तरीही ‘कोणतीही बहिर्वक्र बहुपृष्ठी आकृती कडांवर कापून, एकावर एक न चढता, एका तुकड्यात उलगडता येतेच का’ हा जेफ्री शेफर्ड यांनी १९७५ साली नेमकेपणानं मांडलेला प्रश्न आजही सुटलेला नाही. विमान तर बहिर्वक्रही नसतं. तेव्हा यंत्राकडून आपोआप उत्तम उलगड्याची अपेक्षा करणं फोल आहे.

आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नाही: कागदाला जाडी असते. संगणकातला पृष्ठभाग म्हणजे निव्वळ भूमिती, तिला जाडी शून्य. १६० जीएसएमचा कार्डशीट साधारण ०.२ मिलिमीटर जाड असतो. दोन कडी जोडायला आतून एक पट्टी लावतात. ती कड्याच्या आत बसणार, म्हणजे तिची त्रिज्या ०.२ मिलिमीटरनं कमी आणि म्हणून लांबी सव्वा मिलिमीटरनं कमी हवी. कड्याच्याच मापाची पट्टी छापली तर ती आत फुगते, सांधा उचलला जातो आणि सहा-सात कड्यांनंतर धडाला बाक येतो. रांजणगावच्या एमआयडीसीत फ्रिज आणि मोटारींसाठी पत्रा वाकवणाऱ्या उद्योगांत बेंड अलाउन्स हा शब्द रोजचा आहे, कारण वाकलेल्या पत्र्याचा हिशेब जाडी धरल्याशिवाय जुळत नाही. पत्र्यासाठी बनवलेले प्रोग्राम ही जाडी विचारतात. कागद उलगडणाऱ्या साध्या प्रोग्रामना तो हिशेब माणसानंच घालून द्यावा लागतो.

कागदाच्या ग्रेनबद्दल, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेबद्दल, तर फारच कमी लोक बोलतात, आणि निम्मी मॉडेलं त्यापायी बिघडतात. दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर भिगवणला कागदाची मोठी गिरणी आहे. अशा गिरणीत लगदा धावत्या जाळीवर पसरतो आणि बहुतेक तंतू जाळी धावते त्याच दिशेनं लागतात. म्हणून यंत्राचा कागद एका दिशेनं मुकाट वळतो आणि दुसऱ्या दिशेनं हट्ट करतो. नळी वळवायची तर तिची लांबी तंतूंच्या दिशेला समांतर हवी. उलट वळवली की कडं गुळगुळीत न होता त्यावर मोडीच्या रेघा उठतात. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. हातकागदात लगदा चौकटीत उचलून हलवतात, त्यामुळे तंतू चहूकडे पसरतात आणि हा हट्ट फारसा जाणवत नाही. संगणक मात्र कागद वाचवायला भाग हवे तसे फिरवून बसवतो: एक कडं उभं, शेजारचं आडवं, तिसरं तिरकं. छापण्याआधी ते हातानं पुन्हा एका दिशेला लावावे लागतात. ग्रेन ओळखणं सोपं आहे. शीट आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूनं तो कमी विरोध करतो, त्या घडीच्या समांतर तंतू असतात.

छपाईतही एक साधी गफलत वारंवार होते. झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर ‘फिट टू पेज’वर ठेवलेला असतो आणि तक्ता थोडा आक्रसून छापला जातो. तो ९७ टक्के झाला तर २०० मिलिमीटरचा भाग १९४चा होतो. सगळी पानं सारखीच आक्रसली तर विमान फक्त लहान होतं. एखादंच पान पुन्हा दुसऱ्या दुकानातून काढलं, की त्याचे भाग बाकीच्यांशी जुळत नाहीत. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ छापून ती पट्टीनं मोजावी, म्हणजे फसगत होत नाही.

या सगळ्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्यानं एक तरी विमान हातानं आखून, कापून, चिकटवून पाहिलं आहे, तोच संगणकाकडून चांगलं काम करवून घेतो. सांधा पोटाखाली लपवायचा, धडाची कडी एका अक्षावर ठेवायची म्हणजे प्रत्येकाची एकच वर्तुळपाकळी होते, पंखाची पुढची कड कापायची नाही तर दुमडायची, हे निर्णय बोटांतून डोक्यात जातात. थेट प्रोग्रामपासून सुरुवात करणारी मुलं पडद्यावर देखणं विमान उभं करतात आणि पहिला तक्ता कापताना हबकतात. उलट, आयुष्यभर हातानंच आखत राहण्याचा अट्टहासही पटणारा नाही. दोनशे त्रिकोणांच्या खऱ्या लांब्या काढण्यात जे आठवडे जातात, ते दुसरं, तिसरं, चौथं विमान करण्यात घालवणं केव्हाही चांगलं.

उडवायची प्रतिकृती असेल तर आणखी एक पायरी चढावी लागते. आकार उलगडणाऱ्या प्रोग्रामला विमानाचा गुरुत्वमध्य कुठे येईल याची काही कल्पना नसते. साध्या ग्लायडरमध्ये तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर लागतो. तो मागे गेला की विमान नाक वर करतं, थांबतं आणि कोसळतं. नाकात कागदाचे थर किंवा छोटं वजन घालून, पुन्हा पुन्हा फेकूनच ते जमवावं लागतं. १९६७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बाजी मारणारे जपानी अभियंते यासुआकी निनोमिया यांची कापून-चिकटवून केलेली ग्लायडर अशाच चाचण्यांतून घडली आणि पुढे ‘व्हाइट विंग्ज’ नावानं जगभर गेली. निव्वळ घडीच्या विमानाचा अंतराचा विक्रम २ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत ८८.३१८ मीटरवर गेला. तो करणारे तरुण बोइंगमध्ये अभियंते होते. ध्वनीच्या कित्येक पट वेगानं जाणाऱ्या विमानांचे आकार त्यांनी अभ्यासले, पण विक्रमाचं विमान ए-४ कागदावर हातानंच घडी घालून झालं.

सुरुवातीला कोणतं विमान निवडावं? मिगच्याही आधी पुस मॉथ घ्यावं असं सुचवावंसं वाटतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल घेऊन उतरले, ते याच जातीच्या विमानातून. पंख वरच्या अंगाला, धड पेटीसारखं सपाट बाजूंचं. गोलाई काय ती नाकाशी. पंखांचा पसारा ११.२ मीटर आणि लांबी ७.६२ मीटर. १:३३ प्रमाणात पंख ३३.९ सेंटिमीटर होतो, म्हणजे ए-४च्या २९.७ सेंटिमीटरमध्ये मावत नाही. तो मधोमध दोन भागांत करावा लागतो आणि जोड धडाच्या छतावर आपोआप लपतो. आखणीतला पहिला निर्णय असा कागदाच्या मापानंच समोर येतो. १:५० घेतलं तर पंख २२.४ सेंटिमीटरमध्ये एकसंध बसतो.

शिरूर-दौंडच्या शाळांत यासाठी लागणारं बहुतेक सगळं आहे. चित्रकलेचे शिक्षक ग्रेड परीक्षेसाठी घनभूमिती शिकवतातच, गणिताचे शिक्षक शंकूछेद शिकवतातच, आणि संगणकाची खोली बऱ्याच ठिकाणी आहे. कमी आहे ती या तिन्हींची एकत्र तासिका. या वर्षी महत्त्वमापनाचं प्रकरण आलं की गणिताच्या शिक्षकांनी एक तास फळ्याऐवजी कार्डशीटवर घ्यावा, मिगच्या नाकाचं वर दिलेलं कडं मुलांकडून आखून, कापून वळवून घ्यावं. पुढच्या आठवड्यात तेच कडं संगणकाच्या खोलीत ब्लेंडरमध्ये उभं करून उलगडावं आणि छापलेला पट्टा हातानं काढलेल्या पट्ट्यावर ठेवून पाहावा. दोन्हींची टोकं जुळली की पुस मॉथचं धड आखायला घ्यावं आणि तयार विमान तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्याच्या तक्त्यांसह मांडावं.